ऑपरेशननंतर अचानक आलेली रजोनिवृत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन ठरलेल्या, नुकतंच झालेल्या आणि होऊन कित्येक वर्षं उलटलेल्या बायकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डोसचे आकडे दिलेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्यावरून स्वतःच्या स्वतः औषध सुरू करू नका.

१. गर्भपिशवी काढली म्हणजे रजोनिवृत्ती आलीच ना?

नाही. पाळी गर्भाशयातून येते, पण हार्मोन्स अंडाशयात तयार होतात. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, अंडाशयांचं काम मात्र चालू राहतं. दोन्ही अंडाशयं काढली तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते, मग वय ३२ असो की ४८. याला सर्जिकल मेनोपॉज म्हणतात. एक अंडाशय ठेवलं असेल तर सहसा तेवढं पुरतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गर्भाशय काढल्यावर अंडाशयं शिल्लक असली तरी ती नेहमीपेक्षा एक-दोन वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळीच येत नसल्याने ते कळायला मार्ग नसतो. पंचेचाळिशीच्या आत वाफा (अंगात अचानक उसळणारी उष्णता), घाम, झोपमोड सुरू झाली तर एफएसएचची (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन, अंडाशयं थकली की ते वाढतं) रक्ततपासणी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून घ्या.

२. माझं नेमकं काय काय काढलं हेच मला माहीत नाही. कसं कळेल?

हा प्रश्न फार येतो, आणि याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचे उपचार नीट ठरत नाहीत. दोन कागद मिळवा : ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या भागाचा प्रयोगशाळेतला अहवाल). डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, त्यावर बऱ्याचदा एका ओळीत लघुरूपं असतात. टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंची अंडाशयं आणि नळ्या काढल्या. नुसतं सॅल्पिंजेक्टमी लिहिलं असेल तर फक्त नळ्या गेल्या, अंडाशयं आहेत. सबटोटल असं असेल तर गर्भाशयाचं तोंड आत ठेवलेलं आहे.

ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजी यांत फरक दिसला तर दुसऱ्या कागदावर जास्त भरवसा ठेवा. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय पोचलं याची त्यात मापासकट नोंद असते. कागद मिळतच नसतील तर सोनोग्राफी आणि एफएसएच यांच्या आधारे डॉक्टर अंदाज बांधू शकतात. ही रक्ततपासणी हार्मोनचं औषध सुरू होण्याआधी झालेली बरी.

३. आई-मावशीला पाळी जाताना एवढा त्रास झाला नव्हता. मलाच का?

त्यांची अंडाशयं काही वर्षं हळूहळू मंदावत गेली, शरीराला सवय व्हायला वेळ मिळाला. तुमचं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातलं मुख्य स्त्री-हार्मोन, एक-दोन दिवसांत कोसळलं. शिवाय नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतरही अंडाशयं थोडं टेस्टोस्टेरॉन बनवत राहतात. ती काढल्यावर टेस्टोस्टेरॉनही साधारण निम्म्यावर येतं. म्हणून वाफा लवकर सुरू होतात, पुष्कळदा हॉस्पिटलमधून घरी जाण्याआधीच, आणि त्यांचा जोर जास्त असतो. यात तुमच्या सहनशक्तीची कसोटी वगैरे काही नाही.

४. वाफा आणि घाम ठाऊक होते. बाकी कोणते त्रास यातून येतात?

सकाळी उठताना सांधे आखडणं, छातीत धडधड, अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटणं, डोळे आणि तोंड कोरडं पडणं, केस गळणं, वारंवार लघवीला जावं लागणं, ओळखीचं नाव ऐनवेळी न आठवणं, कारण नसताना रडू येणं किंवा संताप होणं. बायका यासाठी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जातात आणि कुणीच ऑपरेशनची तारीख विचारत नाही. ती तुम्हीच आधी सांगा.

उलट बाजूही आहे. सगळं काही हार्मोनवर ढकलू नका. ऑपरेशनआधी खूप रक्तस्राव होत असेल तर रक्त आणि लोह कमी असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यानेही धाप लागते, केस गळतात, थकवा येतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर एकदा तपासून घ्या. धडधड सतत होत असेल तर ईसीजीही काढा.

५. मला फारसा त्रास नाही. तरी औषध घ्यायचंच का?

वय पंचेचाळिशीच्या आत असेल आणि हार्मोन न घेण्याचं ठोस वैद्यकीय कारण नसेल (पाहा प्रश्न १४), तर उत्तर हो असं आहे. इथे औषधाचं काम फक्त वाफा थांबवण्याचं नसतं. इस्ट्रोजेन हाडं, रक्तवाहिन्या आणि मेंदू यांना सांभाळत असतं. कमी वयात दोन्ही अंडाशयं काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ होणं, हृदयविकार आणि स्मरणशक्तीच्या तक्रारी जास्त आढळल्या आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला, त्यातूनही हेच दिसलं. शरीर ज्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बनवत राहिलं असतं तोवर, म्हणजे साधारण ५०-५१ पर्यंत, ते बाहेरून द्यावं असं आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या वयाला पोचल्यावर पुढे चालू ठेवायचं का, हे त्रास आणि जोखीम बघून नव्याने ठरवतात.

४५ ते ५० दरम्यान ऑपरेशन झालं असेल तरी हाच विचार लागू होतो, फक्त निकड थोडी कमी असते. पन्नाशीनंतर अंडाशयं काढली असतील तर निर्णय मुख्यतः त्रास किती आहे त्यावर.

६. पण एचआरटीने (बाहेरून हार्मोन देण्याच्या उपचाराने) कॅन्सर होतो असं ऐकलंय.

ही भीती २००२ साली पसरली. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र देणारा भाग त्या वर्षी वेळेआधी थांबवला गेला, कारण स्तनाच्या कॅन्सरची जोखीम थोडी वाढलेली दिसली. त्या अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३. अंडाशयं काढलेल्या ३८ वर्षांच्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. तिच्या वयाच्या इतर बायकांच्या शरीरात जे नैसर्गिकपणे असतं तेच तिला परत दिलं जातं.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४ साली थांबला, आणि त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला नव्हता. पुढच्या पाठपुराव्यात तर तो कमीच आढळला. पक्षाघाताची जोखीम मात्र थोडी वाढली होती, आणि तिथे इस्ट्रोजेन गोळीतून दिलं होतं. गोळी आणि पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) यांतला फरक पुढच्या उत्तरात आहे.

७. गोळी, पॅच की जेल? आणि डोस किती?

गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं, त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. नेहमीच्या डोसमध्ये त्वचेतून दिलेल्या इस्ट्रोजेनने ती वाढत नाही. वजन जास्त असेल, रक्तदाब, मायग्रेन, पित्ताशयाचा त्रास किंवा घरात गुठळीचा इतिहास असेल तर पॅच किंवा जेलच मागा. यातलं काहीच नसेल आणि गोळी सोयीची वाटत असेल तर गोळीही चालते.

डोसच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या बाईला पुरणारा डोस तरुण बाईला दिला जातो, आणि 'औषध लागू पडत नाही' असा निष्कर्ष निघतो. पन्नाशीच्या बाईला २५ ते ५० मायक्रोग्रॅमचा पॅच पुरेसा होतो. चाळिशीच्या आत बहुतेकींना ७५ ते १०० लागतो. गोळीत इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) दिवसाला २ मिलिग्रॅम, गरज पडली तर ४ पर्यंत. जेलचा एक पंप अनेक ब्रँडमध्ये ०.७५ मिलिग्रॅमचा असतो, आणि दिवसाला दोन ते चार पंप लागतात. ब्रँड बदलला की पंपाचं माप बदलू शकतं, म्हणून डबीवरचा आकडा वाचा. १०० मायक्रोग्रॅमच्या पॅचने रक्तातलं इस्ट्राडिओल दर मिलिलिटरला साधारण १०० पिकोग्रॅमच्या आसपास राहतं, नियमित पाळी येणाऱ्या बाईच्या महिन्याच्या सरासरीएवढं.

पॅच किंवा जेल ऑपरेशननंतर चालायला-फिरायला लागल्यावर लगेच सुरू करता येतं. गोळी असेल तर गुठळीची जोखीम उतरावी म्हणून काही डॉक्टर चार ते सहा आठवडे थांबतात.

८. जेल आणि पॅच लावायची नेमकी पद्धत काय?

निम्म्या तक्रारी इथेच सुटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

जेल आंघोळीनंतर, त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावर लावा. दंडाची बाहेरची बाजू किंवा मांडीची आतली बाजू, स्तनांवर कधीच नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत पातळ थर पसरवा; एकाच ठिकाणी चोळून जिरवत बसू नका. पाच मिनिटं उघड्यावर वाळू द्या, मग कपडे घाला. हात साबणाने धुवा. पुढचा तासभर तरी त्या जागी पाणी, क्रीम, सनस्क्रीन लावू नका आणि लहान मुलाला तिथे अंग घासू देऊ नका. त्वचेवरून हार्मोन दुसऱ्याच्या अंगात जातं. रक्त तपासायचं असेल तर जेल लावलेल्या हातातून नमुना देऊ नका, आकडा खोटा वाढलेला येतो.

पॅच कमरेखाली, नितंबाच्या वरच्या भागावर किंवा पोटाच्या खालच्या बाजूला. तिथे आधी तेल किंवा मॉइश्चरायझर लावलेलं नको. चिकटवल्यावर तळव्याने दहा सेकंद दाबून धरा, मग कडेकडेने बोट फिरवा. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात. सोमवार-गुरुवार असे वार ठरवून टाका. नवीन पॅच जुन्याच्या जागी नको, नाहीतर खाज आणि चट्टा येतो. राहिलेला चिकटा बेबी ऑइलने निघतो. घामाने पॅच सारखा निघत असेल तर ब्रँड बदलून बघा, नाहीतर जेलवर या.

९. औषध सुरू करून महिना झाला, वाफा कायम आहेत. काय चुकतंय?

डोस पूर्ण लागू पडायला सहा ते बारा आठवडे द्या. त्यानंतरही फरक नसेल तर या क्रमाने बघा : लावण्याची पद्धत (प्रश्न ८), डोस वयाला पुरेसा आहे का (प्रश्न ७), त्वचेतून शोषण होतंय का. शोषणात बाईबाईत मोठा फरक असतो. इथे इस्ट्राडिओलची रक्ततपासणी कामाची ठरते. पॅच लावूनही पातळी अगदी खाली असेल तर डोस वाढवण्याऐवजी प्रकार बदला.

केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. हार्मोनच्या काही चाचण्या त्याने चुकतात. पातळी चांगली असूनही घाम येत असेल तर थायरॉईड, काही डिप्रेशनची औषधं आणि स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडखळणं) ही कारणं शोधावी लागतात.

१०. पिशवी नाही, तर प्रोजेस्टेरॉन नकोच ना?

बहुतेकींना नको. प्रोजेस्टेरॉन देतात ते गर्भाशयाचं अस्तर वाढू नये म्हणून. पण अपवाद आहेत आणि ते निसटतात. गर्भाशय शिल्लक असेल, फक्त अंडाशयं काढली असतील, तर प्रोजेस्टेरॉन अत्यावश्यक : मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. सबटोटल ऑपरेशनमध्ये गर्भाशयमुखाशी थोडं अस्तर राहिलेलं असू शकतं. काही महिने आवर्तनाने प्रोजेस्टेरॉन देऊन रक्तस्राव होतो का बघतात, आणि झाला तर पुढेही ते द्यावं लागतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं असेल आणि गर्भाशय जागेवर असेल, तरी अस्तर पूर्ण मेलंय असं गृहीत धरता येत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) हा चौथा अपवाद, त्याचं उत्तर प्रश्न १६ मध्ये आहे.

११. संबंधाच्या वेळी आग होते, लघवीला सारखं इन्फेक्शन होतं. वाफा तर थांबल्यात.

पॅच किंवा गोळी चालू असूनही अनेकींना योनीत वेगळं इस्ट्रोजेन लागतं, आणि दोन्ही एकत्र घेता येतात. १० मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची गोळी पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. क्रीमही मिळतं. रक्तात ते नगण्य जातं. त्याने लघवीचं वारंवार होणारं इन्फेक्शनही कमी होतं. हा उपचार थांबवला की त्रास परत येतो, त्यामुळे तो चालू ठेवण्यासाठीच असतो. हार्मोनशिवाय : योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा आणि संबंधाच्या वेळी वेगळं ल्युब्रिकंट. सुगंधी वॉश बंद करा.

गर्भाशय काढल्यानंतर आतले टाके पूर्ण भरायला किमान सहा ते आठ आठवडे लागतात. डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय संबंध नको. त्यानंतरही दुखत असेल तर पेल्व्हिक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या) फिजिओथेरपिस्टला दाखवा. वेदनेच्या भीतीने स्नायू आवळले जातात आणि ते नुसत्या क्रीमने सैल होत नाहीत.

१२. संबंधाची इच्छाच उरलेली नाही. टेस्टोस्टेरॉन घ्यावं का?

आधी इस्ट्रोजेन पुरेसं आहे, कोरडेपणावर उपचार झालाय आणि झोप लागतेय हे बघा. तरीही इच्छा नसेल आणि त्याचा तुम्हाला स्वतःला त्रास होत असेल, तर टेस्टोस्टेरॉन हा पुरावा असलेला उपचार आहे. डोस दिवसाला साधारण ५ मिलिग्रॅम, त्वचेवर. पुरुषांसाठीचं जेल दिलं तर पुरुषाच्या डोसच्या दहाव्या हिश्शाएवढंच. आधी एकदा रक्त तपासायचं, सुरू केल्यावर तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांनी. सहा महिन्यांत फरक पडला नाही तर बंद. मुरमं आणि हनुवटीवरचे केस ही जास्त डोसची खूण. आवाज जाड होऊ लागला तर ताबडतोब थांबा, तो पूर्ववत होईलच असं नाही. थकवा आणि ब्रेन फॉगसाठी (विसराळूपणा, डोकं धूसर वाटणं) टेस्टोस्टेरॉन देण्याला मात्र अजून भक्कम आधार नाही.

१३. हाडांसाठी काय करू?

इस्ट्रोजेन गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं सर्वांत झपाट्याने झिजतात, म्हणून सुरुवातीलाच डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून आकडा नोंदवून ठेवा. पन्नाशीच्या आत रिपोर्टमधला झेड-स्कोअर (तुमच्याच वयाच्या बायकांशी तुलना) बघायचा, नंतर टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना); टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. कॅल्शियम आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व ८०० ते १००० युनिट. चालणं चांगलंच, पण मनगट आणि मणक्याला त्याचा फारसा उपयोग नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवा. पोटाला छेद असेल तर तो डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवत.

१४. मला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय. मग माझ्यासाठी काहीच नाही का?

हार्मोन-रिसेप्टर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा) स्तनाचा कॅन्सर, नुकतीच झालेली गुठळी, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, सक्रिय यकृताचा आजार आणि कारण न कळलेला रक्तस्राव, या परिस्थितीत शरीरभर जाणारं इस्ट्रोजेन सहसा देत नाहीत. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या काही विशिष्ट गाठींतही नाही. तिथे हिस्टोपॅथॉलॉजीचा नेमका प्रकार ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरतज्ज्ञाला) दाखवून विचारा. गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये मात्र बंदी नसते, आणि हे माहीत नसल्याने पुष्कळ तरुण बायका विनाकारण औषधावाचून राहतात.

वाफांसाठी बिगर-हार्मोन औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन ३७.५ मिलिग्रॅमपासून ७५ पर्यंत. गॅबापेंटिन रात्री ३०० मिलिग्रॅम, घामाने झोपमोड होत असेल तर विशेष उपयोगी. ऑक्सिब्युटिनिन २.५ ते ५ मिलिग्रॅम दोनदा. त्याने तोंड कोरडं पडतं. फेझोलिनेटंट ४५ मिलिग्रॅम हे नवं औषध थेट मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावर काम करतं. त्यात यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि नंतरही ठरलेल्या वेळी कराव्या लागतात. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनची औषधं टाळा, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो. कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपीने (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा समुपदेशनाचा प्रकार) वाफांचा जाच आणि झोपमोड दोन्ही कमी होतात. योनीतलं कमी डोसचं इस्ट्रोजेन ऑन्कॉलॉजिस्टच्या संमतीने विचारात घेता येतं. अॅरोमाटेज इनहिबिटर (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारं कॅन्सरचं औषध) चालू असेल तर जास्त जपून.

१५. बीआरसीए दोष (स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता वाढवणारा जनुकीय दोष) आहे म्हणून अंडाशयं काढायची आहेत. नंतर एचआरटी चालेल?

स्वतःला स्तनाचा कॅन्सर झालेला नसेल तर सहसा हो, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत. बीआरसीए-१ मध्ये ऑपरेशन ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात सुचवतात, म्हणजे इस्ट्रोजेनशिवायची बरीच वर्षं समोर असतात. गर्भाशयही काढायचं का, हे आधी बोलून घ्या. ते राहिलं तर प्रोजेस्टेरॉन लागतं (प्रश्न १०).

१६. एंडोमेट्रिओसिससाठी सगळं काढलं. इस्ट्रोजेनने तो परत येईल का?

मागे राहिलेले ठिपके क्वचित पुन्हा जागे होतात. म्हणून गर्भाशय नसतानाही काही डॉक्टर इस्ट्रोजेनबरोबर रोज प्रोजेस्टेरॉन देतात, किंवा टिबोलोन हे हार्मोनसारखं काम करणारं औषध २.५ मिलिग्रॅम (स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना टिबोलोन नको). आजार पसरलेला होता आणि पूर्ण निघाला नाही, असं ऑपरेशन नोटमध्ये असेल तर हे आवर्जून विचारा. या भीतीने इस्ट्रोजेनच न घेणं तरुण बाईला महाग पडतं.

१७. थायरॉईडची गोळी चालू आहे. काही फरक पडतो?

तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनने पडतो. थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच करा. फिट्ससाठी लॅमोट्रिजिन घेत असाल तर इस्ट्रोजेनच्या गोळीने त्याची पातळी उतरू शकते. न्यूरॉलॉजिस्टला आधी सांगा. मायग्रेनवाल्यांना पातळी वरखाली झाली की डोकेदुखी उठते, त्यांना पॅच बरा.

१८. चांगला डॉक्टर कसा ओळखायचा?

ऑपरेशन उत्तम करणारा सर्जन पुढची पंधरा वर्षं हार्मोन सांभाळण्यातही मुरलेला असेलच असं नाही. ती कामं वेगळी आहेत, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना अवघडून जाऊ नका. रजोनिवृत्तीचं खास प्रशिक्षण घेतलेले स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) शोधा. इंटरनॅशनल मेनोपॉज सोसायटीशी निगडित संघटना अनेक देशांत आहेत, त्यांच्या सदस्यांच्या यादीपासून सुरुवात करता येते.

फोनवरच विचारा : 'चाळिशीच्या आत अंडाशयं काढलेल्या रुग्ण तुम्ही नियमित बघता का?' पहिल्या भेटीत डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख, काय काढलं आणि का, घरातला कॅन्सर आणि गुठळीचा इतिहास, रक्तदाब आणि हाडं याबद्दल विचारलं, तर माणूस जाणता आहे. 'वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाईल, सहन करा' किंवा 'कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस' हे पस्तिशीच्या बाईला सांगणारा डॉक्टर बदला. दुसरीकडे, रक्त न तपासता टेस्टोस्टेरॉन देणारा किंवा महागड्या पेलेट्सचा (त्वचेखाली बसवायच्या हार्मोनच्या गोळ्यांचा) आग्रह धरणारा (प्रश्न २०) हाही टाळा.

जाताना एका कागदावर लिहून न्या : ऑपरेशनची तारीख, चालू औषधं आणि डोस, आणि गेल्या दोन आठवड्यांची नोंद. त्यात दिवसा किती वाफा, रात्री किती वेळा जाग, मूड दहापैकी किती. सर्वांत जास्त छळणारे तीनच त्रास वर घ्या. दहा तक्रारी एकदम सांगितल्या की महत्त्वाची हरवते. निघण्याआधी पुढची तारीख ठरवा : तीन महिन्यांनी एकदा, मग वर्षातून एकदा.

१९. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आत्ताच काय ठरवून घ्यावं?

अंडाशयं काढणं खरंच गरजेचं आहे का, हे थेट विचारा. कॅन्सर, जनुकीय दोष किंवा गंभीर आजार नसेल आणि वय पन्नाशीच्या आत असेल, तर निरोगी अंडाशयं 'आत आहोतच तर' म्हणून काढायला आज आधार नाही. अंडाशयाच्या कॅन्सरची काळजी असेल तर फक्त नळ्या काढून अंडाशयं ठेवता येतात का ते विचारा. संमतीपत्रावर काय काढायचं हे शब्दांत लिहून घ्या. मूल हवं असेल तर बीजं किंवा भ्रूण गोठवण्याबद्दल बोलायची हीच वेळ. गर्भाशय राहिलं तर नंतर त्यांच्या किंवा दात्या बीजांच्या मदतीने गर्भधारणा शक्य असते. आणि काढणारच असतील, तर इस्ट्रोजेनचं प्रिस्क्रिप्शन ऑपरेशनआधीच हातात असू द्या.

२०. एचआरटीऐवजी गर्भनिरोधक गोळी, सोया, वनौषधी किंवा पेलेट चालेल का?

गर्भनिरोधक गोळीने तात्पुरतं भागतं, पण हाडं आणि रक्तदाबासाठी एचआरटी सरस. घेतच असाल तर सात दिवसांची सुट्टी नको, त्या आठवड्यात वाफा उसळतात. सोया वाफा किंचित कमी करेल. हाडांना आणि हृदयाला इस्ट्रोजेनचा पर्याय ठरत नाही. ब्लॅक कोहोश या वनौषधीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनौषधी टॅमॉक्सिफेनसकट अनेक औषधांत ढवळाढवळ करते. पेलेट एकदा त्वचेखाली गेलं की डोस कमी करता येत नाही, आणि पातळी भलतीच चढल्याची उदाहरणं आहेत.

२१. मन इतकं खचलंय की जगावंसं वाटत नाही. हेही हार्मोनमुळे?

हार्मोनचा वाटा मोठा असू शकतो, तरी थांबून बघायची ही गोष्ट नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच घरातल्या कुणाला सांगा आणि इमर्जन्सीत किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा; इस्ट्रोजेन आणि डिप्रेशनची औषधं एकत्र देता येतात. आधीपासून डिप्रेशन असलेल्यांनी ऑपरेशनआधीच त्या डॉक्टरांना कळवून ठेवावं.

याशिवाय तडक हॉस्पिटल गाठायच्या खुणा : एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं. गर्भाशय काढल्यानंतर महिन्यांनी योनीतून रक्त दिसलं तर तपासणी करून घ्या. बऱ्याचदा टाक्यांवर वाढलेली ऊती असते, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

२२. दोन्ही अंडाशयं काढली, तरी वाफा नाहीत आणि दर महिन्याला ओटीपोट दुखतं. असं कसं?

अंडाशयाचा छोटा तुकडा आत राहिलेला असू शकतो, विशेषतः एंडोमेट्रिओसिसमुळे सगळं चिकटलेलं असेल तर. हार्मोन घेत नसताना एफएसएच आणि इस्ट्राडिओल करा. रजोनिवृत्तीत असायला हवं तसं एफएसएच वाढलेलं नसेल तर संशय पक्का होतो, मग सोनोग्राफी किंवा एमआरआय.

२३. ऑपरेशनला बारा वर्षं झाली, एचआरटी कधीच घेतली नाही. आता उशीर झाला का?

तुमचं आजचं वय सांगा, मग उत्तर बदलतं. ३४ व्या वर्षी ऑपरेशन झालं आणि आज ४६ असाल तर सुरू करण्याला अर्थ आहे. आधी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर आणि डेक्सा करा, आणि गोळीऐवजी पॅच, कमी डोसपासून. साठी ओलांडली असेल तर नव्याने इस्ट्रोजेन सुरू करण्यात हृदय आणि पक्षाघाताची जोखीम फायद्याला भारी पडू शकते. तेव्हा हाडांसाठी बिस्फॉस्फोनेटसारखी वेगळी औषधं, वाफांसाठी प्रश्न १४ मधले पर्याय, आणि योनीतलं इस्ट्रोजेन. ते कोणत्याही वयात सुरू करता येतं.